सात दिवसांची विश्रांती कोणाची?

गेल्या वर्षीच्या सप्टेंबरमधील एका रविवारची गोष्ट. मिस्सा आटोपली होती आणि बाहेर पावसाची भुरभुर चालू असल्यामुळे मंडळी चर्चच्या पडवीतच रेंगाळत होती. तेवढ्यात आमच्या धर्मग्रामातील एक गृहस्थ सपत्नीक माझ्याकडे आले. केंद्र सरकारच्या एका खात्यात त्यांची पंचवीस वर्षे नोकरी झाली आहे. प्रवासाची सरकारी सवलत, जिला आपण सारे एलटीसी म्हणतो, ती त्यांनी आजवर दोनदाच घेतली आणि दोन्ही वेळा ते वेलांकनीच्या यात्रेला जाऊन आले. यंदा मात्र मुलांनी अंदमानचा हट्ट धरला होता. गृहस्थांच्या हातात शाळकरी मुलांची असते तशी दोनशे पानी वही होती आणि तिच्यात सात दिवसांचा कार्यक्रम तासातासाने आखलेला होता.

"फादर, एक विचारायचं होतं," ते म्हणाले. "सात दिवस समुद्राकाठी नुसतं बसायचं आणि त्यापायी लाख-दीड लाख रुपये घालवायचे, हे पाप तर होत नाही ना?"

मी हसून त्यांच्या पत्नीकडे पाहिले. त्या म्हणाल्या, "मला समुद्र नाही दिसला तरी चालते, फादर. पण सात दिवस मला कोणी 'आज भाजी काय?' असं विचारू नये, एवढंच पाहिजे."

वही चाळता चाळता शेवटच्या पानाकडे माझी नजर गेली. तेथे पेन्सिलीने दोनच शब्द लिहिलेले होते : 'आईजवळ कोण?' गृहस्थांच्या मातोश्रींचे वय ब्याऐंशी. दोन वर्षांपूर्वी पडल्यापासून त्या खाटेवरच आहेत.

मी त्यांना धर्मगुरूच्या तोंडी नेहमी असते ते उत्तर दिले. परमेश्वराने स्वतः सातव्या दिवशी विश्रांती घेतली, तेव्हा विश्रांती हे पाप कसे असेल, असे म्हणून मी त्यांना आशीर्वाद दिला आणि आत गेलो. दुपारी जेवताना मात्र ते शेवटचे पान पुन्हा पुन्हा आठवू लागले. माझे उत्तर खोटे नव्हते, पण अपुरे होते. विश्रांती पाप नाही एवढे सांगून प्रश्न संपत नाही. ती विश्रांती कोणाची आणि कोणाच्या कष्टांवर, हे विचारायचे राहतेच. त्या प्रश्नाचा विचार वाचकांसमवेत करावा, यासाठी हा लेखनप्रपंच.

आपल्या वर्धा जिल्ह्यात हा प्रश्न अधिक टोचतो, त्याला दोन कारणे आहेत. पहिले कारण रोज डोळ्यांसमोर आहे. हा कापसाचा आणि कोरडवाहू शेतीचा मुलूख. समुद्रकाठच्या एका आठवड्याला जेवढा पैसा लागतो, तेवढा कापूस वेचणाऱ्या बाईला वर्षभर राबूनही बहुधा दिसत नाही. कर्जापायी जीव दिलेल्या शेतकऱ्याच्या घरी सांत्वनाला जाऊन आलेल्या माणसाचे मन सहलीचा बेत करताना त्याला खात असेल, तर ते मन अजून जागे आहे असेच म्हटले पाहिजे.

दुसरे कारण या मातीच्या संस्काराचे. सेवाग्राम आणि पवनार ज्या जिल्ह्यात आहेत, तेथे श्रमाची थोरवी कोणाला शिकवावी लागत नाही. राबतो तो भला आणि बसतो तो आळशी, ही धारणा आपल्या अंगात भिनलेली आहे. नातेवाइकाचे लग्न, यात्रा किंवा आजारपण असे काही कारण पुढे केल्याशिवाय रजेचा अर्ज लिहायला आपला हात धजत नाही. 'थकलो आहे, म्हणून थोडे थांबतो' असे लिहिण्याची आपल्याला लाज वाटते.

परंतु याच मातीत विश्रांतीचाही एक धडा आहे आणि तो श्रमाच्या फार मोठ्या उपासकानेच घालून दिलेला आहे. १९३८ साली विनोबाजींची प्रकृती अतिशय खालावली. वजन ८८ पौंडांवर आले. काम बाजूला ठेवून विश्रांती घ्यावी असे गांधीजींनी त्यांना सांगितले. थंड हवेच्या ठिकाणी जाण्याच्या सूचनाही झाल्या. विनोबांनी निवडले ते जवळचेच पवनार. तेथे धाम नदीच्या काठी, टेकाडावर, जमनालालजी बजाजांचा बंगला होता. मोटार नदीच्या पुलावरून जात असताना 'संन्यस्तं मया' असे ते तीन वेळा म्हणाले. संस्था, पत्रव्यवहार, चर्चा, साऱ्यांची काळजी त्यांनी पुलाच्या अलीकडे ठेवून दिली. मग ते रोज थोडी खोदाई करीत, मोकळ्या हवेत राहत आणि मनाला कशातही गुंतू देत नसत. दहा महिन्यांत त्यांचे वजन १२८ पौंडांपर्यंत गेले.

विश्रांतीसाठी लांब जावेच लागते असे नाही, हे या प्रसंगातून सहज दिसते. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट त्या पुलावर घडली. ओझे खाली ठेवायचे असा निश्चय करून ते ठेवावे लागते. आपण हजार मैल दूर जातो आणि खिशातला मोबाइल दर दहा मिनिटांनी ऑफिस घेऊन येतो. मग शरीर समुद्राकाठी असते आणि मन टेबलापाशी. विनोबा पाच-सहा मैलांच्या आतच राहिले आणि तरीही खरोखर दूर गेले.

ख्रिस्तसभेची शिकवणही याहून निराळी नाही. संत थॉमस अक्विनास यांनी खेळ आणि करमणूक यांच्याविषयी लिहिताना संत योहानाची एक जुनी कथा सांगितली आहे. योहान शिष्यांबरोबर खेळत बसलेले पाहून काही लोकांना राग आला. त्यांच्यातील एकाजवळ धनुष्य होते. योहानाने त्याला बाण मारायला सांगितले आणि असे अखंड मारीत राहशील का, असे विचारले. तसे केले तर धनुष्यच मोडेल, असे तो म्हणाला. मनाचेही तसेच आहे, हे योहानाचे उत्तर. अक्विनास याच्याही पुढे जातात. जो स्वतः कधी हसत-खेळत नाही आणि दुसऱ्यांच्या आनंदावरही विरजण घालतो, त्याच्या वागण्यात ते दोष पाहतात.

प्रभू येशूने तर शिष्यांना सुट्टीवरच नेले होते. सुवार्ता सांगून शिष्य परत आले, तेव्हा त्यांच्याकडे लोकांची एवढी रीघ लागली की त्यांना जेवायलाही सवड मिळेना. हे पाहून प्रभूने त्यांना एकांतात चलून जरा विसावा घ्या असे सांगितले आणि सारे मचव्यात बसून सरोवरापलीकडे निघाले. संत मार्कने सहाव्या अध्यायात हा प्रसंग दिला आहे. पुढे काय झाले तेही आपल्याला ठाऊक आहे. लोक किनाऱ्याने धावत आधीच तेथे पोहोचले होते. प्रभूला त्यांचा कळवळा आला आणि तो त्यांना शिकवू लागला. या दुसऱ्या भागावर मी पुष्कळ प्रवचने दिली आहेत. पहिल्या भागावर एकही दिल्याचे आठवत नाही.

त्याचे कारण सांगायचे तर थोडे स्वतःविषयी लिहावे लागेल. वाचकांनी क्षमा करावी. १९८३ च्या ख्रिस्तसभेच्या कायद्यातील ५३३ व्या कलमानुसार धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूला वर्षाकाठी एक महिन्यापर्यंत सुट्टी घेता येते. सेमिनरीत हे कलम आम्हाला शिकवले होते. मी ते कधी वापरले नाही आणि वापरले नाही याचा मला अभिमान होता. "आमचे फादर एक दिवसही स्वस्थ बसत नाहीत," असे कोणी म्हटले की बरे वाटे.

माझी आई आर्वी तालुक्यातील एका खेड्यात राहत असे. तिचे आयुष्य निंदणात आणि कापूस वेचण्यात गेले. पुराच्या वेळची वर्धा नदी हे तिने पाहिलेले सर्वांत मोठे पाणी. मी मुंबईला एका शिबिरासाठी जाऊन आलो, तेव्हा तिने मला विचारले, "समुद्राचं पाणी खारं असते म्हणते. मंग एवढं पाणी देवानं केलं कायले?" मी म्हणालो, "पुढच्या उन्हाळ्यात तुला घेऊन जातो. तूच देवाला विचार." वर्ध्याहून मुंबई साडेसातशे किलोमीटर, विदर्भ एक्स्प्रेसने एका रात्रीचा प्रवास. पण पुढच्या उन्हाळ्यात शाळेचे बांधकाम निघाले, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात दृढीकरणाची तयारी. असे आठ उन्हाळे गेले. आई नवव्या वर्षी पावसाळ्यात वारली. तिने समुद्राची गोष्ट दुसऱ्यांदा कधी काढली नाही, आणि तिला आता त्याचे काही वाटत नसेल, अशी मी आपली समजूत करून घेतली होती.

मी त्याला कर्तव्य म्हणत होतो. आज मला त्यात कर्तव्यापेक्षा अहंकार अधिक दिसतो. माझ्यावाचून आठ दिवस धर्मग्राम चालणार नाही, असे मानणे म्हणजे धर्मग्राम देवाचा नसून माझा आहे असे मानणे होय. शिवाय मी थांबत नव्हतो म्हणून माझ्याभोवतीचे कोणीही थांबू शकत नव्हते. आई थांबली नाही. धर्मगुरुनिवासात अठरा वर्षे स्वयंपाक करणाऱ्या मावशीही थांबल्या नाहीत. कारण मी येथेच असल्यावर जेवण तर दोन्ही वेळा हवेच. जो स्वतः विसावा घेत नाही तो इतरांनाही घेऊ देत नाही, हे माझ्या फार उशिरा लक्षात आले.

या जाणिवेने मी शब्बाथाची आज्ञा पुन्हा वाचली, आणि इतकी वर्षे जे नजरेआड झाले होते ते दिसले. निर्गमाच्या तेविसाव्या अध्यायात सातव्या दिवशी काम बंद ठेवण्याचे कारण स्पष्ट दिले आहे. बैलाला आणि गाढवाला विसावा मिळावा, दासीच्या मुलाच्या आणि परक्या माणसाच्या जिवात जीव यावा, हे ते कारण. अनुवादाच्या पुस्तकात त्याला आणखी एक जोड आहे : तुम्ही स्वतः मिसर देशात गुलाम होता, हे विसरू नका. आज्ञा घरधन्याला उद्देशून आहे, पण तिच्यातील दया घरधन्यासाठी नाही. धनी मनात येईल तेव्हा बसू शकतो. बैलाला रजेचा अर्ज करता येत नाही, दासीच्या मुलाला मागण्याची सोय नाही, परक्याची ओळख नाही. त्यांच्या वतीने देवानेच तो अर्ज केला आहे.

आपल्या महाराष्ट्रात हीच मागणी गिरणी कामगारांनी केली. महात्मा फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि रविवारच्या सुट्टीसाठी चिकाटीने झगडून १८९० साली ती मिळवली. पोप लिओ तेरावे यांचे कामगारांच्या हक्कांविषयीचे सुप्रसिद्ध विश्वपत्र 'रेरूम नोव्हारूम' त्यानंतर वर्षभराने, १८९१ साली प्रसिद्ध झाले आणि त्यातही कामगाराला रविवारची विश्रांती मिळालीच पाहिजे असे ठामपणे सांगितलेले आहे. रविवार हा प्रभूचा दिवस म्हणून आपण पाळतो. तो दिवस गिरणीतल्या माणसाला मिळावा म्हणून एका सत्यशोधक कार्यकर्त्याने झगडावे, ही गोष्ट आपण कॅथलिकांनी कृतज्ञतेने लक्षात ठेवली पाहिजे.

आणि वर्ध्याच्या मगनवाडीत राहून १९३४ पासून ग्रामोद्योगाचे काम उभे करणारे डॉ. जे. सी. कुमारप्पा, जे स्वतः ख्रिस्ती होते, त्यांचा विचारही येथे आठवतो. प्रत्येक कामात कष्टाचा अंश असतो तसा आनंदाचाही असतो. पण माणसाने हे दोन अंश वेगळे करून आनंद स्वतःकडे ठेवण्याचा आणि कष्ट दुसऱ्याच्या माथी मारण्याचा प्रयत्न पूर्वापार चालवला आहे, असे त्यांचे निदान होते. सुट्टीच्या बाबतीत ते तंतोतंत लागू पडते. आपण सात दिवस बसलो, त्यासाठी दुसऱ्या कोणाला चौदा दिवसांचे काम पडले, तर जगातली विश्रांती वाढली नाही. ती एकाकडून काढून दुसऱ्याला दिली गेली.

पुढच्या आठवड्यात मी त्या दांपत्याला बोलावून घेतले आणि आम्ही तिघे ती वही पुन्हा उघडून बसलो. या वेळी सुरुवात शेवटच्या पानापासून केली.

आईजवळ हिंगणघाटच्या ताईंना बोलवावे, असा गृहस्थांचा बेत होता. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "ताईंना तरी कुठे सुट्टी असते? माझं काम त्यांच्या गळ्यात घालून मी समुद्रावर बसू काय?" हा विचार त्या माउलीला सुचला, मला सुचला नव्हता. अमरावतीला थोरले भाऊ आहेत. बऱ्याच वर्षांत आईजवळ सलग दोन दिवसांपेक्षा अधिक राहिले नव्हते. त्यांनी आठवडाभराची रजा काढून यावे असे ठरले. मग एक गोष्ट ध्यानात आली, की या साऱ्यात खुद्द आजींना कोणी विचारलेच नव्हते. संध्याकाळी मुलाने भीत भीत विषय काढला, तेव्हा त्या म्हणाल्या, "थोरला येऊन राह्यते म्हणता त मले आनखीन काय पाह्यजे? जा तुमी." ज्यांच्यामुळे बेत अडला होता, त्यांनाही त्या आठवड्यात काही मिळणार होते.

दुसरा प्रश्न धुणीभांडी करणाऱ्या बाईंचा. मालक बाहेरगावी गेले की त्या दिवसांचा खाडा धरून पगार कापण्याची आपल्याकडे रीत आहे. आपल्या सुट्टीचा तिला असा दंड बसतो. त्या आठवड्याचा पूर्ण पगार आगाऊ द्यायचा आणि तिचीही ती सुट्टी समजायची, असे ठरले.

त्यानंतर कार्यक्रमाचे पान. सात दिवसांत सहा बेटे, अकरा किनारे आणि दोन बाजार! मी म्हणालो, ही तर बदलीची नोकरी झाली. अंदमान-निकोबारमध्ये पाचशेहून अधिक बेटे आहेत. ती कोणालाच पाहून होत नाहीत. तेव्हा एक मोठे गाव आणि एक बेट एवढेच ठेवले. पहिले दोन दिवस पोर्ट ब्लेअर, ज्याचे नाव २०२४ पासून श्री विजयपुरम आहे; पुढचे चार दिवस स्वराज द्वीप, म्हणजे २०१८ पर्यंतचे हॅवलॉक; परतीला एक दिवस. नैर्ऋत्य मोसमी पाऊस तेथे मेच्या मध्यालाच पोहोचतो, म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीऐवजी जानेवारी धरला. तेथे घड्याळ आपलेच असले तरी सूर्य फार लवकर उगवतो आणि हिवाळ्यात साडेपाचच्या आत मावळतो, तेव्हा दिवस पहाटेपासून मोजावा. चेन्नईहून अंतर सुमारे बाराशे किलोमीटर. बोटीने तीन दिवस लागतात, विमानाने दोन-अडीच तास. स्वराज द्वीपावरच्या चार दिवसांची पाने आम्ही कोरी ठेवली. मुलांना ते पटले नाही, पण आईने वही मिटली.

आणखी एक गोष्ट मी सांगितली. जेथे विसावायला जायचे, ती भूमी कोणाच्या घामाने घडली हे जाणून जावे. ज्या समुद्राकडे आज आपण विश्रांतीसाठी जातो, त्यालाच आपले पूर्वज काळे पाणी म्हणत. १८९६ ते १९०६ या काळात बांधलेल्या सेल्युलर जेलमध्ये कैद्यांना बैलासारखे घाण्याला जुंपले जाई. १९११ ते १९२१ या काळात स्वातंत्र्यवीर सावरकर तेथेच होते. मराठी माणूस ते जेल पाहायला जातोच. परंतु कॅथलिक म्हणून आपल्याला आणखी एक इतिहास ठाऊक असावा. १९१८ च्या सुमारास रांचीच्या कॅथलिक मिशनमार्फत छोटा नागपूरचे उरांव, मुंडा, खडिया आदिवासी मजूर म्हणून तेथे नेले जाऊ लागले. जंगल तोडण्याचे, रस्ते काढण्याचे काम त्यांनी केले. त्यांना तेथे रांचीवाले म्हणतात. त्यांच्यात कॅथलिक पुष्कळ आहेत. १९८४ साली या बेटांसाठी स्वतंत्र धर्मप्रांत झाला, त्यामागे या कष्टकऱ्यांची श्रद्धाही उभी आहे. स्वराज द्वीपावरची शेते आणि वस्त्या पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांनी १९५० नंतरच्या दशकात उभारल्या. आणि २६ डिसेंबर २००४ रोजी, नाताळच्या दुसऱ्याच दिवशी, याच समुद्राने निकोबारमध्ये हजारो माणसे ओढून नेली.

तेव्हा रविवारची मिस्सा तेथे चुकवू नका आणि मिस्सेनंतर लगेच निघू नका, बाकावर शेजारी बसलेल्यांशी दोन शब्द बोला, असे मी म्हणालो. प्रवाळ उचलू नका, तो गुन्हा आहे. आणि जारवा लोकांचे फोटो काढायला कोणी गाडीतून नेतो म्हणाला तर जाऊ नका. कायद्याने त्याला बंदी आहे, आणि कायदा नसता तरी माणूस हा पाहण्याचा जिन्नस नव्हे.

जानेवारीच्या अखेरीस मंडळी परत आली. मुलांजवळ पुष्कळ गोष्टी होत्या. त्यांच्या आई दोन दिवसांनी एकट्याच येऊन बसल्या. म्हणाल्या, "फादर, पहिले दोन दिवस हातांना काम नव्हतं म्हणून जीव घाबरला. तिसऱ्या दिवशी सवयीनं पाचला जाग आली. बाहेर जाऊन वाळूत बसले. रोझरीसुद्धा नाही म्हटली. नुसती बसले. किती वर्षांत अशी बसले नव्हते कोण जाणे."

थोडा वेळ त्या गप्प राहिल्या. मग त्यांनी दुसरी गोष्ट सांगितली. त्यांच्या मुक्कामाच्या ठिकाणी एक तरुण मुलगी रोज पहाटे येऊन वाळूवर पडलेली पाने झाडून काढी. दोघींची ओळख झाली. मुलीच्या गळ्यात क्रूस होता. तिचे पणजोबा रांचीकडून आले होते. "रविवारी चर्चमध्ये भेटू," असे या म्हणाल्या, तेव्हा ती म्हणाली की सीझनमध्ये रविवारी सुट्टी नसते. रविवारी मिस्सेला ती दिसली नाही. "फादर, मी बसावं म्हणून ती उठत होती. तिच्या रविवारचं काय?"

या प्रश्नाचे पुरे उत्तर माझ्यापाशी नाही, हे मी त्यांना सांगितले आणि येथेही सांगतो. पाहुणे गेलेच नाहीत तर त्या मुलीची नोकरी जाते. गेले तर तिचा रविवार जातो. एका कुटुंबाने मनात आणून ही गाठ सुटणारी नाही. ती सोडवण्यासाठी लोखंड्यांसारखे कोणीतरी लागते, आणि ज्या कायद्याने कारखान्यातल्या कामगाराला आठवड्याची सुट्टी दिली त्याचा हात तिच्यापर्यंतही पोहोचावा लागतो. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९८ साली प्रभूच्या दिवसाविषयी खास पत्र लिहिले. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या विश्वपत्रात निर्गमातील त्याच वचनाचे स्मरण करून दिले. शब्द आपल्यापाशी उदंड आहेत. परंतु पाहुण्याला जेवढे करता येते तेवढे तरी आपण करतो काय? रविवारी आमची खोली झाडू नका असे सांगता येते. मालकाला सौजन्याने विचारता येते. जेथे नोकरांना आठवड्याची सुट्टी असते, तेच ठिकाण थोडे महाग पडले तरी निवडता येते. आणि परत आल्यावर आपल्या घरात, दुकानात, शेतात, आणि हो, आपल्या शाळांत आणि धर्मगुरुनिवासांत कोणाचा रविवार आपण खातो, हे पाहता येते.

समुद्राकाठच्या सकाळीचा आणखी एक प्रसंग शुभवर्तमानात आहे. संत योहानाने तो अगदी शेवटी दिला आहे. शिष्य रात्रभर जाळी टाकून थकले होते. उजाडताना ते किनाऱ्याला लागले, तेव्हा तेथे निखारे पेटलेले होते, त्यांवर मासळी होती, भाकर होती आणि न्याहारीला या म्हणून बोलावणारा स्वतः पुनरुत्थित प्रभू होता. राबून आलेल्यांसाठी धन्यानेच चूल पेटवलेली होती. मृत्यूवर जय मिळवलेल्या प्रभूला त्या सकाळी दुसरे काही करावेसे वाटले नाही, याचा मी अलीकडे पुष्कळ विचार करतो.

ईस्टरनंतरच्या आठवड्यात मावशी नातवंडांना घेऊन मुंबईला जाऊन येणार आहेत. तिकिटे काढून झाली आहेत, विदर्भ एक्स्प्रेसचीच. मिस्सेसाठी शेजारच्या धर्मग्रामातील तरुण धर्मगुरू येतील. मी येथेच राहीन आणि माझी खिचडी मीच शिजवीन. मीठ किती घालायचे ते मावशींनी दोनदा सांगितले आहे, तरी त्यांचा भरवसा दिसत नाही.